लोखंडाचा सालदार

भगवान सिनेमाकडे पाठ करून सिनेमा सांगत असे. पडद्याच्या डाव्या अंगाला एक लाकडी खोकं, त्यावर हा उभा, हातात माइक आणि तोंड लोकांकडे. मागे अग्निबाण सुटो, डोंगराएवढा किडा उठो की गोरी बाई किंचाळो, हा गडी कधी वळून बघायचा नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, स्वारी तोऱ्यात आहे. ऑपरेटरला विचारलं तर तोही वैतागलेलाच होता. म्हणाला, दुपारी रिकाम्या तंबूत एकदा बघून घेतो आणि मग असा उभा राहतो. माझा पडदा काही त्याला गोड लागत नाही. खुद्द भगवानला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पडद्यावरचे मानसं आपल्या जागी बरोबर हायेत, पेंटर. त्याईले माही गरज नाही. हे समोर बसले त्याईचे तोंडं पाहा लागते. कुठं समजलं नाही ते तोंडावर दिसते."

महाराष्ट्र होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून अजून 'नागपूर सरकार' जात नव्हतं. मी मलकापूरचा. कापूस दाबायच्या प्रेसमध्ये गाठींवर मार्के रंगवता रंगवता दुकानांच्या पाट्या करायला लागलो, आणि पाट्यांवरून गुलाबशेठच्या फिरत्या टॉकीजचे बोर्ड. दिवाळी सरली की शेठचा तंबू बाहेर पडायचा आणि पाऊस येईपर्यंत जिल्हाभर बाजाराच्या गावांतून हिंडायचा. हिंदी सिनेमे भाड्याने महाग, म्हणून शेठ भुसावळहून जुनेपाने इंग्रजी सिनेमे आणायचा. त्यांतही आकाशयानांचे, दुसऱ्या ग्रहांवरचे, यांत्रिक माणसांचे जास्त, कारण ते दुसरं कोणी घेत नसे. इंग्रजी कुणाच्या बापाला येत नव्हतं. म्हणून पडद्याजवळ एक 'सांगणारा' उभा करायची पद्धत होती. सिनेमाचा आवाज बारीक करायचा आणि सांगणाऱ्याने वऱ्हाडीत गोष्ट सांगायची. भगवान हा आमचा सांगणारा.

तो बीबी गावाकडच्या एका खेड्यातला. मॅट्रिक झालेला, पुढे शिकायची इच्छा असलेला आणि ती इच्छा घडी करून ठेवून दिलेला. त्यांच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा तो पंचविशीच्या आत-बाहेर होता. घरातले देव गेले, मेलेली ढोरं ओढणं गेलं, पण बापाची सालदारी गेली नाही. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. अक्षय तृतीयेला बोली व्हायची, ती पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत. मधल्या काळात गडी मालकाचा. दिवस मालकाचा, रात्रही मालकाचीच. भगवानचा बाप सोनाजीबाबा, जन्मभर गावच्या पाटलाकडे सालदार. मोट हाकायचा. गळा चांगला होता म्हणतात. पहाटे मोटेवर गायचा, ते दोन शेतं पलीकडे ऐकू यायचं. मग पाटलाने विहिरीवर तेलाचं इंजन बसवलं, मोट सुटली, बैल विकले गेले आणि सोनाजीबाबा शेणगोठ्याला लागले.

माझं आणि भगवानचं जमायचं ते भांडण्यापुरतं. मला यंत्रं आवडत. अजूनही आवडतात, खोटं कशाला बोला. पत्र्यावर चांदीचा रंग देऊन अग्निबाणाच्या पोटावर उजेडाची एक पांढरी रेघ ओढली की मला जेवल्यासारखं वाटायचं. भगवानला माझे बोर्ड पसंत नसत. तो बोर्डासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि विचारायचा, "अन याच्यात मानूस कुठं हाय?" मी खालच्या कोपऱ्यात करंगळीएवढा काढलेला नट दाखवायचो. तो म्हणायचा, तू माणूस काढला नाहीस, डाग पाडलास.

एक सिनेमा असा आला की त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत काटे, दिवे आणि बटणं. माणसं होती, पण बटणं दाबण्यापुरती. मी खूष. वाटलं, आता बघू हा काय सांगतो. त्या यानात एका खलाशाच्या पुढ्यात क्षणभर एका बाईचा फोटो दिसायचा, बस्स. भगवानने तो फोटो धरला आणि सबंध सिनेमा त्या बाईच्या अंगाने सांगितला. ती घरी काय करत असेल, नवरा आभाळात गेला म्हणजे शेजारणी काय विचारत असतील. लोक यान बघत होते आणि डोळे पुसत होते बाईसाठी. खेळ सुटल्यावर मी म्हटलं, "तू सिनेमा सांगत नाहीस, बनवतोस." तो म्हणाला, "त्याईनं मशीन दाखोली, मानूस दाखवाचा राहून गेला. तेवढा मी जोडला." हेच त्याचं एकूण शास्त्र. पडद्यावर काही चकाकलं आणि लोकांनी 'आ' केला की माइकमधून हमखास यायचं, "चकचकते ते राहू द्या. त्याच्या बाजूनं कोन उभं हाय ते पाहा."

मी त्याला सांगायचो की अरे, लोक दिवसभर माणसंच तर बघतात. सासू बघतात, सावकार बघतात, तलाठी बघतात. तंबूत येतात ते थोडा वेळ माणसांपासून सुटका म्हणून. त्यांना यान बघू दे. यावर तो हसायचा आणि मला वेड्यात काढायचा. आता एवढ्या वर्षांनी मागे बघताना मला वाटतं, आम्ही दोघेही अर्धे बरोबर होतो आणि अर्ध्यावर भांडत होतो.

मग तो लोखंडी माणसाचा सिनेमा आला. गोष्ट साधी होती. दूर कुठल्याशा ग्रहावर एक खाण, तिचा एक मालक, खाली राबणारे मजूर आणि मालकाच्या हुकमातला एक लोखंडाचा माणूस. खाणीत आग लागते. मालक लोखंडी माणसाला सांगतो, दार लावून घे, मजूर आत राहिले तरी चालतील, यंत्रं वाचली पाहिजेत. लोखंडी माणूस दारात उभा राहतो आणि नाही म्हणतो. मजूर बाहेर येतात. संपला सिनेमा. मलकापूरला पहिल्या खेळाला भगवानने त्या लोखंडी माणसाला काय म्हणावं? रोबो नाही, यंत्रमानव नाही. म्हणाला, "हा या मालकाचा सालदार हाय." लोक हसले. मीही हसलो. पण पुढच्या खेळांना हसू कमी होत गेलं. लोक त्या लोखंडाच्या ठोकळ्याकडे निराळ्याच नजरेने बघायला लागले. त्याने ओझं उचललं की कुणीतरी हळहळायचं. शब्दच तसा होता.

शेठला शब्दाशी देणंघेणं नव्हतं. तंबू भरत होता, आणि प्रिंट इतकी झिजलेली की वितरकाने परतही मागितली नव्हती. ती घेऊनच आम्ही चैत्रात बीबीच्या बाजाराला गेलो. अक्षय तृतीया जवळ आलेली. गावोगावचे सालदार आणि मालक बोलीच्या तयारीत. तंबू त्या उन्हाळ्यात सालदारांनीच भरला. लोखंडाच्या माणसाने दारात उभं राहून नकार दिला आणि भगवान नुसता एवढंच म्हणाला, "सालदार नाही म्हनून राह्यला." तंबूत अशा शिट्ट्या झाल्या की ऑपरेटरला वाटलं रीळ तुटलं.

पुढच्या खुर्च्यांवर भगवानच्या गावचे पाटील बसले होते. ते शिट्टी वाजवणाऱ्यांतले नव्हते. ज्या मोकळ्या जागेवर तंबू होता ती त्यांच्याच भाऊबंदांची. दुसऱ्या दिवसापासून बाजारात थट्टा सुरू झाली. मालकाने काही काम सांगितलं की गडी म्हणायचे, आधी त्या लोखंडाच्या भावाला विचारून येतो. थट्टाच ती, पण बोलीच्या दिवसांतली थट्टा. पाटलांनी शेठला बोलावलं आणि मशीनला मशीनच म्हणत जा, असं समजावून सांगितलं. शेठने ते भगवानला सांगितलं. भगवानने मान हलवली आणि त्या संध्याकाळी पुन्हा सालदारच म्हणाला.

मग पाटलांनी सोनाजीबाबांना बोलावलं. इंजन आल्यापासून म्हातारा तसा उपराच झाला होता. यंदा त्याला ठेवायचं की नाही, याची गावात आधीच कुजबूज होती. पाटील म्हणाले, तुझं साल धरायचं की नाही ते तुझ्या पोराच्या तोंडावर आहे. हे भगवानला कळलं ते गावच्या माणसाकडून. त्या दिवशी तो माझ्या रंगाच्या डब्यांपाशी येऊन बसला. घरी म्हातारी होती, दम्याची. तंबूचा पगार पाऊस आला की बंद. बापाचं साल गेलं तर त्या वयात दुसरं कोणी उभं करणार नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी नको ते शहाणपण शिकवायला गेलो नाही. एवढंच म्हणालो, एका शब्दाने जग थोडंच बदलतं. तो म्हणाला, "मंग त्याईले तो शब्द काऊन टोचते?"

संध्याकाळी सोनाजीबाबा स्वतःच आले. वाळलेला, उंच, पाठीत वाकलेला माणूस. मला वाटलं, आता हा पोराच्या पाया पडणार आणि मला ते बघावं लागणार. पण ते म्हणाले, तो सालदार तरी कसा आहे ते मला बघू दे. जन्मात त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता. मी त्यांना शेजारी घेऊन बसलो. आग, यानं, खाणीतले दिवे, कशाचंच त्यांना नवल वाटलं नाही. ते फक्त त्या लोखंडी माणसाकडे, आणि बहुतेक वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिले. शिट्ट्या झाल्या तेव्हा एकटे तेच गप्प होते.

खेळ संपल्यावर तंबूच्या मागे, बत्तीच्या उजेडात, बापलेक समोरासमोर उकिडवे बसले. सोनाजीबाबांनी विचारलं, "तो जेवते काय?"

भगवान म्हणाला, "नाही बा. तो लोखंडाचा हाय."

"त्याच्या घरी कोनी हाय?"

"त्याले घर नाही."

"मंग त्याले सालदार काऊन म्हनतं तू?"

भगवानने समजावायचा प्रयत्न केला. मालक सांगतो ते तो करतो, त्याला सुटी नाही, मन आहे हे कोणी मोजत नाही. बघणाऱ्यांना तुझी कदर वाटावी म्हणून म्हणतो. म्हातारा ऐकत होता आणि त्याचा चेहरा कडक होत गेला. मी त्यांना रागावलेलं त्या एकाच वेळी पाहिलं.

"त्याले भूक नाही लागत, अन तो माह्यावानी कसा?" ते म्हणाले. "मी पाटलाचं ऐकतो ते मले कोनी चावी देल्ली म्हनून नाही. तुह्या मायचा तवा तापला पाह्यजे म्हनून ऐकतो. ज्याले भूक नाही त्याले कोनाचं भ्याव? त्यानं नाही म्हनलं, त्याच्यात काय मोठं केलं? तू मले अन त्या लोखंडाले एका दाव्याले बांधलं, भगवान. मोटीवरून त्या इंजनानं काढलं मले. अन तू त्याचंच नाव मले देल्लं."

जो माणूस प्रत्येक यंत्रामागचा माणूस शोधून दाखवायचा, त्याच्याच हातून आपल्या बापाचं यंत्र झालं होतं, आणि ते त्याला त्या क्षणी समजलं. माझ्या डोळ्यांसमोर समजलं. मी तिथून उठलो. अशा वेळी बघणाऱ्याने बसू नये.

दुसऱ्या दिवशी भगवान मशीन म्हणाला. अगदी स्पष्ट, "ही मालकाची मशीन." तंबूत एकदम थंडी पसरली. शिट्टी नाही, हळहळ नाही. लोखंडी माणूस दारात उभा राहिला आणि मागून कुणीतरी खाकरून थुंकलं. खेळ सुटताना ज्यांनी चार दिवस भगवानला डोक्यावर घेतलं होतं तेच त्याच्या जवळून जाताना एकमेकांना म्हणत होते की पाटलाने तुकडा टाकला, याने शेपूट हलवली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी सांगतो ह्यांना, तुझ्या बापाने तुला काय सुनावलं ते. भगवानने माझा दंड धरला. "बाची गोष्ट बाजारात नको नेऊ, पेंटर. त्याचं साल राह्यलं तर बस. मले लोक काय म्हनते त्याचं काय करा लागते."

आणि साल राहिलं. पाटलांना वाटलं, पोरगा वठणीवर आला. अक्षय तृतीयेला त्यांनी सोनाजीबाबांना पुन्हा ठेवून घेतलं, वर चार लोकांत म्हणाले की आम्ही जुन्या माणसाला टाकत नाही. भगवानच्या आईने तंबूकडे पुरणपोळ्या पाठवल्या. आम्ही खाल्ल्या. भगवानने आपली पोळी ऑपरेटरला दिली.

तिथून तंबू देऊळगाव राजाला हलला. वैशाख असा तापला होता की रंग डब्यातच वाळायचे. विहिरी तळाला चालल्या होत्या. आमच्याकडे पाणी खाली गेलं की इंजनही खाली उतरवतात, विहिरीच्या पोटात एखाद्या कपारीवर. वर उचलायची त्याची ताकद ठरलेली असते, म्हणून त्याला पाण्याजवळ न्यावं लागतं. इंजन चाललं की धूर विहिरीतच साठतो. तो धूर दिसतो त्याहून अधिक असतो, आणि तो माणसाला ओरडू देत नाही. हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. जिल्ह्यात दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे तसं घडायचंच.

एका सकाळी गावाहून माणूस आला. आम्ही दोघे मिळेल त्या एस.टी.ने आणि पुढे बैलगाडीने गेलो. पोचलो तेव्हा सोनाजीबाबा निंबाखाली घोंगडीवर निजवलेले होते. अंगावर ओरखडासुद्धा नाही, चेहरा मात्र गुलाबी झालेला, त्या माणसाला जन्मात कधी नव्हता तसा. पाटलांच्या मिरच्या माना टाकत होत्या आणि इंजन मध्येच बंद पडलं होतं. मिस्त्री म्हणाला, धूर निघू द्या, मग उतरतो. मिस्त्री परगावचा, त्याला चार गावं मोकळी. म्हातारा कमरेला दोर बांधून खाली गेला. दोर हलायचा थांबला तेव्हा वर ओढला.

विहिरीत इंजन चालू होतं. होय, चालू होतं. धूर ओसरल्यावर मिस्त्रीने उतरून ते सुरू केलं होतं, कारण पीक वाळत होतं. पाटात पाणी खळखळत होतं आणि त्याच पाण्याने सोनाजीबाबांना अंघोळ घातली. मी यंत्रांचा वैरी नाही, हे आधी सांगितलंच आहे. इंजनाने त्या शिवारात पाणी खेळवलं, पोराबाळांना भाजीपाला दाखवला. पण त्या दिवशी त्याचा आवाज थांबवायला कोणी उठलं नाही, आणि तो आवाज मी विसरू शकत नाही.

पाटील आले. वाईट माणसाचं तोंड नव्हतं त्यांचं. घाबरलेल्या माणसाचं होतं. भगवानपासून दोन हात लांब उभे राहून ते म्हणाले, "मी काही त्याले ढकललं नाही. इंजन पाहून ये एवढंच म्हनलं. धूर हाय हे त्याले समजत नव्हतं काय? त्यानं नाही म्हनाले पाह्यजे होतं."

मला वाटलं, आता भगवान त्यांच्या अंगावर जाईल. मी तसा तयारही झालो होतो, धरायला की मदत करायला ते सांगता येत नाही. पण तो पाटलांकडे नुसता बघत राहिला. ज्या सालासाठी त्याने आपला शब्द गिळला, लोकांची थुंकी झेलली, त्याच सालाने बाप विहिरीत उतरवला होता. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. त्याला ते सांगायला माझी गरज नव्हती.

बापाचे दिवस झाल्यावर तो तंबूत परत आला. शेठ तसा दिलदार, म्हणाला, पाऊस येईपर्यंत नुसता बसून राहिलास तरी चालेल. भगवान म्हणाला, नाही, सांगतो. त्या संध्याकाळी तोच सिनेमा होता. तो आपल्या खोक्यावर उभा राहिला आणि नेहमीसारखा सांगत गेला. मशीन आली, मशीनने हे उचललं, मालकाने ते फर्मावलं. आवाज जरा बसलेला, एवढंच. देऊळगावच्या लोकांना काही माहीत नव्हतं, ते रंगून बघत होते. आग लागली. मालक ओरडला. लोखंडाचा माणूस दारात येऊन उभा राहिला आणि भगवान थांबला.

थोडा वेळ वाट बघून पुढच्या ओळीतला एक जण म्हणाला, "काय म्हनून राह्यला बे तो? सांग ना."

"नाही म्हनून राह्यला," भगवान म्हणाला. मग माइक तोंडाजवळ तसाच धरून, त्या विचारणाऱ्याकडे बघत, हळूच म्हणाला, "त्याले परवडते."

त्याने माइक खोक्यावर ठेवला आणि बाजूची कनात उचलून तो बाहेर पडला. मी मागून धावलो, पण मैदानावर कोणी नव्हतं, आणि त्यानंतर भगवान मला या जन्मात भेटला नाही. मी परत आत आलो. पडद्यावर मजूर एकेक करून दारातून जिवंत बाहेर येत होते, आणि त्यांचं पुढे काय झालं ते सांगायला तंबूत कोणी नव्हतं.